बदलून वाचलेलं पुस्तक

रक्तदाबाच्या गोळ्या कधीपासून बंद केल्यात, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "दोन महिने झाले." खरं म्हणजे तीन वर्षं झाली होती. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, मग कशाला घ्यायच्या, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं. माझे यजमान शेजारच्या खुर्चीत बसले होते. मेडिकलमधून गोळ्या तेच आणायचे, त्यामुळे खरं काय ते त्यांना माहीत होतं. ते टेबलावरच्या रिपोर्टकडे बघत राहिले.

पाय सुजले होते, चार पायऱ्या चढले की दम लागायचा, जेवणाला चव नव्हती. मला वाटलं, उन्हाळा बाधला. डॉक्टर म्हणाले, दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ थांबली आहेत, डायलिसिस सुरू करावं लागेल, आठवड्यातून तीनदा.

"किती दिवस?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला आणि हलक्या आवाजात सांगितलं, की हे आता कायमचं आहे.

भीती नंतर वाटली. त्या क्षणी मला लाज वाटली. कसालजवळच्या आमच्या गावात मी तीस वर्षं वाचनालयाची ग्रंथपाल होते. आरोग्यावरची पुस्तकं मी लोकांच्या हातात देत असे, आणि हे दुखणं मी स्वतःच्या हाताने आणलं होतं. कुडाळहून परत येताना मी यजमानांना म्हटलं, "कुणाला सांगू नका."

"किती दीस लपवतलंस?" ते म्हणाले.

सहा आठवडे लपवलं. डाव्या हाताला डायलिसिससाठी छोटी शस्त्रक्रिया झाली. तिथली शीर फुगली, बोट ठेवलं की खाली थरथर जाणवते. मी ऐन मे महिन्यात लांब बाह्यांचे ब्लाउज घालू लागले. तरी गावाला कळलंच.

*

ज्यांचं डायलिसिस नुकतंच सुरू झालं आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी आधी सांगते. मशीनवर थंडी वाजते, जाड चादर न्या. आणि डॉक्टरांना गोळ्यांबद्दल खरं सांगा.

माझे दिवस सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी सहाला घरातून निघायचं, कुडाळला पोचल्यावर वजन करायचं, मग दोन सुया, मग चार तास. उठल्यावर अंगातून कुणीतरी सगळं पिळून काढल्यासारखं वाटतं. पाणी मोजून प्यायचं. यजमान सकाळी एक बाटली भरून ठेवतात, दिवसभरात तेवढीच. फार तहान लागली तर बर्फाचा खडा चोखायचा. शहाळं बंद, केळं बंद, आणि आमच्याकडे पिकलेल्या आंब्याच्या वासाने घर भरलेलं असताना आंबाही बंद. यजमान आंबा खायला मागीलदारी जातात. मी बघते हे त्यांना माहीत आहे, तरी जातात. त्यांचं प्रेम असंच आहे, बोलून दाखवत नाहीत.

गावाला कळल्यावर पहिल्या महिन्यात बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. दुसऱ्या महिन्यात पाच-सहा जण आले. तिसऱ्या महिन्यात शेजारीण वहिनी तेवढी यायची, तीही कुंपणापलीकडूनच विचारायची, "बरा आसा मां?" मी म्हणायची, "आसा." लोकांचं चुकत नाही. कायमच्या आजाराला कायमचं भेटायला कोण येणार?

*

दुसऱ्या महिन्यात कुरियरने एक पार्सल आलं. आत चार पुस्तकं होती आणि एक चिठ्ठी. "बाई, चार तास खूप असतात. वाचायला होतील. विलास." खाली फोन नंबर.

विलास आमच्या वाचनालयात माझा सहायक होता. माझ्या आजाराचं त्याला गावातूनच कुणीतरी कळवलं असावं. त्याच्याबद्दल पुढे सांगते. तेव्हा मी एवढंच केलं, की चिठ्ठी घडी घालून कपाटातल्या साड्यांखाली ठेवली आणि पुस्तकं मिळाल्याचा फोन केला नाही.

तीन पुस्तकं प्रवासवर्णनं होती. चौथी कादंबरी, परक्या भाषेतून मराठीत आलेली. मागचा मजकूर वाचला आणि माझे कान तापले. एका थंड देशातल्या शहरात एक बोळ आहे, पुढे रस्ता नसलेला. तिथे समलिंगी माणसांची वीस-एक घरं आहेत. कुणाला घरच्यांनी काढलंय, कुणी स्वतः निघून आलंय. ती सगळी एकमेकांना धरून राहतात, त्यांची ही गोष्ट. मी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. कव्हर घालताना यजमानांनी विचारलं, "नवा आसा?" मी म्हणाले, "फाटलंय."

मशीनवर पहिल्या दिवशी वाचायला घेतलं ते विलासने हे मला का पाठवलं असेल, या रागाने. तिसऱ्या दिवशी मी त्या बोळात राहत होते. तिथे एक शिंपी होता, सतत खोकणारा, तापट. त्याच्यासोबत एक निवृत्त पोस्टमन राहायचा. शिंपी आजारी पडतो आणि बोळातले लोक दारावर एक कागद चिकटवतात. सोमवारी सूप कुणी आणायचं, मंगळवारी चादरी कुणी धुवायच्या, दुपारी त्याच्याजवळ कुणी बसायचं. त्यातल्या दोघांचं एकमेकांशी भांडण आहे, तरी दोघंही येतात. एक दुपारी बाराला जातो, दुसरा बारा वाजून पाच मिनिटांनी येतो.

तो कागदाचा भाग वाचताना मला त्या लोकांचा हेवा वाटला. ज्यांच्या शेजारी मी राहणार नाही असं जन्मभर समजत आले, त्यांचा हेवा. आणि हेवा वाटला म्हणून परत लाज वाटली.

*

माझ्या डाव्या बाजूच्या खाटेवर खतीजाखाला, म्हणजे खतीजामावशी, असायच्या. वेंगुर्ल्याच्या. नवऱ्याचा सुक्या मासळीचा व्यापार होता, आता मुलगा बघतो. साखरेच्या आजाराने आधी त्यांचे डोळे गेले, मग मूत्रपिंडं. सून आणून सोडायची आणि चार तासांनी न्यायला यायची. रोजे धरता येत नाहीत याचं त्यांना डोळ्यांपेक्षा जास्त दुःख होतं.

एका बुधवारी पान उलटल्याचा आवाज ऐकून त्या म्हणाल्या, "काय वाचतंस गो बाय?"

"कादंबरी."

"मोठ्यान वाच. मी पण आयकतंय. माका दिसणा नाय, आणि हय दुसरा करूचा काय?"

नाही म्हणायला जमलं नाही. मी सुरुवात केली आणि दुसऱ्याच पानावर शिंपी आला. माझ्या तोंडून आपोआप शिंपीण बाहेर पडली. पोस्टमन आणि त्याची शिंपीण. मग ते तसंच रेटावं लागलं. मराठीत हे फार अवघड आहे. माणूस बदलला की पुढचं प्रत्येक क्रियापद बदलावं लागतं. तो उठला, ती उठली. तो खोकला, ती खोकली. डोळ्यांनी एक वाचायचं आणि जिभेने दुसरं बोलायचं. बोळातल्या बाकीच्यांनाही मी नवरा-बायको करून टाकलं, दोन म्हाताऱ्या बायका एकत्र राहत होत्या त्यांना बहिणी केलं. खालांना गोष्ट आवडली. बुधवार झाला, शुक्रवार झाला, सोमवार झाला. सिस्टर सुया लावून गेल्या की खाला विचारायच्या, "शिंपणीचा काय झाला मगे?"

मी स्वतःला समजावलं, की खाला म्हाताऱ्या आहेत, धार्मिक आहेत, त्यांना धक्का बसेल. वाचनालयातही मी असंच म्हणायचे. वाचकांना धक्का बसेल.

मग ते पान आलं. शिंप्याला आता उठवत नाही. पोस्टमन गरम पाणी घेऊन येतो, वाटीत साबण घुसळून फेस करतो, टॉवेल त्याच्या गळ्याभोवती लावतो. इथपर्यंत मी वाचून गेले आणि पुढच्या ओळीवर नजर गेली. पोस्टमन त्याची दाढी करतो. हळूहळू, हनुवटीखालची कातडी बोटाने ताणून, सगळं अर्धं पान.

मी थांबले. मग म्हणाले, "आणि तो तिचे केस विंचरू लागला."

खालांच्या कपाळावर आठी आली.

"मगे साबणाचो फेस कित्याक?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "तोंड धुवायला."

"गळ्याक टॉवेल लावन?" त्यांनी मान माझ्याकडे वळवली. दिसत नसलं तरी बघतायत असंच वाटलं. "नाय ती शिंपीण. शिंपी आसा तो. होय मां?"

"हो."

"पयल्यापासून?"

"हो खाला."

मी वाट बघत होते, की त्या तोबा तोबा म्हणतील, तोंड फिरवतील. त्या रागावल्या, पण पुस्तकावर नाही. "डोळे गेले म्हणान कान पण गेले काय माझे? आयकाचा काय नाय, ता माका ठरवंक व्हया होता. तू कोण ठरवणारी?"

पलीकडच्या खाटेवरच्या गृहस्थांनी वळून बघितलं. सिस्टर आल्या, म्हणाल्या, "काय झालं, बीपी वाढतंय हं." मी चादर तोंडापर्यंत ओढली. हाताला सुया असल्यामुळे उठून जाता येत नव्हतं. अजून दोन तास बाकी होते. त्या दोन तासांत खाला माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

शुक्रवारी मी पुस्तक नेलं नव्हतं. खालांनी विचारलं, "खंय आसा पुस्तक?"

"घरी ठेवलं."

"सोमवारी हाड. आणि पानावर आसा ताच वाच."

सोमवारी मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. पोस्टमन आणि शिंपी. आवाज एवढा हळू होता, की खालांनी तीनदा "मोठ्यान" म्हटलं. दाढीच्या पानापर्यंत परत यायला दोन आठवडे लागले. त्या दिवशी ते पान पूर्ण झाल्यावर खाला म्हणाल्या, "माझो धाकटो दीर असोच होतो. आमका सगळ्यांका म्हायत होता. तरी लगीन लावन दिला. तेची बायल रोज माझ्याकडे येवन रडत होती. मी सांगत होतंय, होतला सगळा बरा."

"झालं?"

"खंयचा!" मग म्हणाल्या, "तुझो कोण?"

मी म्हटलं, माझं असं कुणी नाही. त्या नुसत्या हसल्या. "मगे येवढा लपवंक कित्याक लागला?"

आणि मी विलासचं सांगितलं. पहिल्यांदाच कुणालातरी.

*

विलास पंधरा वर्षं माझ्या हाताखाली होता. वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर त्याच्या अक्षरातला आहे. पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी येते, तर हा सुट्टीच्या दिवशी येऊन एकेक पुस्तक फडक्याने पुसायचा. लग्न केलं नव्हतं. आई आणि तो, दोघंच. वाचनालयात एक शाळामास्तर यायचे, बाहेरगावचे, त्यांच्याशी त्याची मैत्री होती. एका संध्याकाळी बंद करायच्या वेळेला कुणीतरी त्या दोघांना वाचन-खोलीत बघितलं. काय बघितलं, तर विलासने मास्तरांच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. एवढंच.

कार्यकारिणीची बैठक बसली. मुलं येतात इथे, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, खरं कारण लिहिलं तर वाचनालयाची बदनामी होईल. म्हणून ठरलं, की ग्रंथपालांनी अहवाल द्यावा, कामात हयगय होते असा. माझे यजमान तेव्हा कार्यकारिणीवर होते. घरी येऊन म्हणाले, "सही कर. वाद नको."

मी अहवाल लिहिला. विलास वेळेवर येत नाही, नोंदी अपुऱ्या ठेवतो, वारंवार सांगूनही सुधारणा नाही. माझ्याच अक्षरात, खाली सही. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. काही महिन्यांनी तो आईला घेऊन पुण्याला गेला. तिथून त्याचं एक पत्र आलं होतं, अनुभवाचा दाखला मिळेल का, दुसऱ्या ग्रंथालयात अर्ज करतोय. ते मी फाइलला लावलं आणि उत्तर दिलं नाही. अहवालात हयगय लिहून दाखल्यात उत्तम काम कसं लिहिणार?

हे सगळं मी खालांना सांगितलं. मला वाटलं, त्या म्हणतील, जाऊ दे बाय, झालं ते झालं. त्या म्हणाल्या, "त्येका फोन केलंस?"

"नाही."

"पुस्तकां मिळाली, येवढा पण सांगूक नाय?"

"नाही."

त्यांच्या मशीनची घंटी वाजली, सिस्टर आल्या, आमचं बोलणं तिथेच संपलं.

*

मी फोन केला त्याच दुपारी, डायलिसिसहून आल्याआल्या, कारण उद्यावर टाकलं असतं तर केला नसता. यजमान अंगणात होते.

"बाई? कशा आसात?" त्याने आवाज लगेच ओळखला.

मी पुस्तकांबद्दल आभार मानले. मग म्हटलं, "विलास, तो अहवाल मी लिहिला होता."

"माहीत आहे बाई." तो आता शुद्ध मराठीत बोलू लागला, ऑफिसात बोलतात तसं. "मला वाचायला दिला होता तो. पंधरा वर्षं तुमचं अक्षर बघत होतो मी."

"सगळं खोटं होतं. माझं चुकलं."

असू दे, असं तो म्हणाला नाही. मी त्या दोन शब्दांसाठी कान लावून बसले होते, हे मला तेव्हा कळलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग त्याने विचारलं, "डायलिसिस झाल्यावर चक्कर येते का?"

"येते."

"मग आता बोलू नका जास्त. पडून राहा." आणि फोन ठेवला.

पुस्तक मुद्दाम निवडून पाठवलं होतं का, हे मी विचारणार होते. विचारायचं धैर्य झालं नाही.

*

पुढच्या महिन्यात वाचनालयाची बैठक होती. मी निवृत्त झाले असले तरी मला निमंत्रण असतं. यजमानांना सांगितलं, मी जाणार आणि तो अहवाल खोटा होता असं सांगणार, विलासला दाखला द्या म्हणणार.

"आता ह्या कित्याक उकरून काढतंस? गावात ऱ्हवाचा आसा आमका."

"तुम्ही येऊ नका."

त्यांनी स्कूटरवरून सोडलं. आत आले नाहीत, बाहेर स्कूटरवरच बसून राहिले.

मी उभी राहून बोलले. खूप वेळ बोलता येत नाही, दम लागतो, म्हणून चारच वाक्यं ठरवली होती. तिसऱ्या वाक्याला अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमची तब्येत बरी नाही, बसा तुम्ही." कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला. मला पाणी मोजून प्यावं लागतं, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. मी चौथं वाक्य बोलले. अध्यक्ष म्हणाले, जुनी प्रकरणं आहेत, बघू. इतिवृत्तात त्यांनी काय लिहिलं असेल ते मला माहीत आहे. मीही तीस वर्षं इतिवृत्तं लिहिली आहेत.

म्हणून दाखला मी स्वतः लिहिला. वाचनालयाच्या कागदावर लिहिता येणार नव्हता, साध्या कागदावर लिहिला. खाली माझं नाव आणि माजी ग्रंथपाल. त्यात लिहिलं, की विलासने चौदा वर्षं चोख काम केलं, की मी त्याच्याविरुद्ध दिलेला अहवाल खोटा होता, तो मी कुणाच्या सांगण्यावरून दिला असला तरी सही माझी होती, आणि तो का दिला. 'का' लिहिताना दोनदा खाडाखोड झाली. यजमानांनी तो वाचला. चष्मा पुसला, परत वाचला.

"चौदा नाय," ते म्हणाले. "पंधरा. तो तुझ्या हाताखाली पंधरा वर्सां होतो."

मी दुरुस्त केलं. त्यांनी स्वतःचं नाव घाल म्हटलं नाही, मीही मागितलं नाही. पाकीट मात्र त्यांनीच पोस्टात नेऊन टाकलं.

मला वाटत होतं, हा कागद विलासला उपयोगी पडेल. मनातल्या मनात मी त्याला पुण्याच्या एखाद्या ग्रंथालयात टेबलामागे बसलेला बघितला होता. काही दिवसांनी, शुक्रवारी मशीनवर असताना त्याचा मेसेज आला. उजव्या हाताने फोन धरून मी तो वाचला.

"बाई, पत्र मिळालं. नोकरीसाठी आता त्याचा उपयोग नाही, ते काम सोडून मला बरीच वर्षं झाली. पण आईला दाखवलं. तिने वाचलं आणि रडायला लागली. म्हणाली, मला वाटायचं तू खरंच कामचुकारपणा केलास. इतकी वर्षं ती असं समजत होती, हे मला त्या दिवशी कळलं. तब्येतीची काळजी घ्या. विलास."

खालांनी विचारलं, "कोणाचो?"

मी त्यांना तो वाचून दाखवला, जसा होता तसा. त्यांनी हात खाटेबाहेर काढून माझ्या दिशेने चाचपडला. आमच्या खाटांमध्ये अंतर आहे आणि माझ्या डाव्या हाताला सुया होत्या. माझा हात त्यांच्यापर्यंत पोचला नाही.